विल्यम कूपर : एक विषण्ण स्तोत्रकार

इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींत दोनशें वर्षांहून अधिक काळ जीं स्तोत्रें गाइलीं जात आहेत, त्यांपैकीं कांहीं विल्यम कूपर या कवीचीं आहेत. ईश्वराच्या योजनेचा अर्थ मनुष्याला लागत नसला, तरी तिच्या मुळाशीं कृपाच असते, असा दिलासा त्याच्या एका स्तोत्रानें अगणित दुःखितांना दिला. परंतु तो दिलासा देणारा कवि स्वतः मात्र आयुष्याचीं शेवटचीं सत्तावीस वर्षें, ईश्वरानें आपला कायमचा त्याग केला आहे, अशा समजुतींत जगला. श्रद्धावंताला नैराश्य शिवत नाहीं, आणि ज्याला तें शिवतें त्याची श्रद्धाच कच्ची असली पाहिजे, असें मानणारे लोक सर्वच धर्मांत आढळतात. त्यांच्यासाठीं हें चरित्र उद्बोधक आहे.

कूपरचा जन्म १७३१ सालीं हर्टफर्डशायरमधील एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो सहा वर्षांचा नसेल तोंच त्याची आई वारली. तें दुःख पन्नास वर्षांनंतरही ताजें होतें. तिची तसबीर हातीं आली, तेव्हां उतारवयांत त्यानें तिच्यावर कविता लिहिली. लंडनमध्यें कायद्याचा अभ्यास करीत असतां, १७५२ च्या सुमारास, त्याला विषण्णतेचा पहिला झटका आला. पुढें १७६३ सालीं एका आप्तानें त्याला लॉर्डांच्या सभेंतील कारकुनाची जागा देऊं केली. जागा चांगली होती. पण तिच्यासाठीं सभेपुढें उभें राहून परीक्षा द्यावयाची होती. त्या धास्तीनें त्याचें मन पार कोसळलें, आणि त्यानें पुन्हां पुन्हां आत्मघाताचा प्रयत्न केला. सुदैवानें तो वांचला.

तो वांचला नसता, तर त्याच्या मृत देहाचीही कदाचित् विटंबना झाली असती. बायबलांत आत्मघाताच्या कथा आहेत, पण त्याबद्दल शिक्षा सांगणारें वचन नाहीं. पांचव्या शतकांत संत ऑगस्टीननें हत्येचा निषेध करणारी आज्ञा स्वतःच्या प्राणालाही लागू केली. त्याचा तात्कालिक हेतु दयेचाच होता. ४१० सालीं रोम शहर लुटलें गेलें, त्या वेळीं ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले त्या निर्दोष असून त्यांनीं लज्जेपायीं प्राण देण्याचें कारण नाहीं, हें त्याला पटवावयाचें होतें. परंतु पुढें दया मागें पडली आणि निषेध तेवढा उरला. सहाव्या शतकांत धर्मसभांनीं अशा मृतांना अंत्यविधि नाकारले. इंग्लंडांत तर मृताची मालमत्ता राजा जप्त करी, आणि प्रेत चौरस्त्यावर पुरून त्यांत खुंटी ठोकीत. अठराव्या शतकांतील पंच बहुधा मृताला वेडा ठरवून ही शिक्षा टाळीत. म्हणजे लोकांची माणुसकी कायद्याच्या पुढें गेली होती.

कूपरला त्याच्या आप्तांनीं सेंट ऑल्बन्स येथें डॉ. नॅथॅनियल कॉटन यांच्या रुग्णालयांत ठेवलें. मनोरुग्णांना सांखळदंड घालण्याचा तो काळ. पण कॉटन स्वतः कवि आणि सौम्य वृत्तीचे होते. तेथें दीड वर्षांत कूपर सांवरला. तेथेंच १७६४ सालीं बायबल वाचीत असतां आपल्याला क्षमा मिळाली, असा त्याला साक्षात्कार झाला. नंतर हंटिंग्डन येथील अन्विन कुटुंबानें त्याला घरांत घेतलें. अन्विन वारल्यावर त्यांची विधवा मेरी आणि कूपर ऑल्नी या गांवीं राहावयास आलीं. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन हे पूर्वी गुलामांच्या व्यापारी जहाजाचे कप्तान होते. दोघांनीं मिळून रचलेलीं स्तोत्रें १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं.

परंतु ग्रंथ निघण्यापूर्वींच, १७७३ च्या आरंभीं, आजार उलटला. ईश्वरानें आपल्याला टाकलें, असें कूपरला स्वप्नांत ऐकूं आलें. त्यानंतर त्यानें उपासनामंदिरांत पाऊल टाकलें नाहीं. इतर सर्व पापी तरतील, मी एकटा अपवाद, हा त्याचा सिद्धान्त. आणि कोणताही शास्त्राधार त्यापुढें चालेना. न्यूटनच्या कडक धर्ममतानें कूपरला वेड लावलें, असा आरोप पुढें झाला. परंतु पहिला झटका त्या मताचा परिचय होण्याच्या कितीतरी आधींचा. धर्मानें आजार उत्पन्न केला नाहीं. आजारानें धर्माची भाषा उचलली, इतकेंच म्हणतां येईल.

ज्याच्याशीं वाद चालेना, त्याची सोबत मात्र करतां आली. न्यूटननें त्याला एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. मेरीनें त्याची अहोरात्र शुश्रूषा केली. शेजाऱ्यांनीं दिलेलीं सशांचीं पिलें तो पाळूं लागला. सुतारकाम आणि बागकाम करूं लागला. लेडी ऑस्टिन या मैत्रिणीनें, कांहीं सुचत नसेल तर या सोफ्यावर लिहा, असें सांगितलें, आणि त्यांतून १७८५ सालीं 'द टास्क' हें त्याचें मोठें काव्य निघालें. बायबलांतील एलीया हा संदेष्टा थकून झुडुपाखालीं मरण मागतो, तेव्हां देवदूत त्याला दटावीत नाहीं; निजूं देतो, भाकरी आणि पाणी देतो. मेरी अन्विननें याहून निराळें कांहीं केलें नाहीं. ती १७९६ सालीं वारली. कूपर पुरा बरा झाला नाहीं. तरी १८०० सालीं त्याला नैसर्गिक मृत्यु आला. ज्या वर्षीं सारें संपलें असें त्याला वाटलें होतें, त्यानंतर तो छत्तीस वर्षांहून अधिक जगला, आणि त्याचें जवळजवळ सर्व महत्त्वाचें लेखन त्या काळांतलें आहे.

कायदा मात्र सावकाश शहाणा झाला. चौरस्त्यावरील दफन १८२३ सालीं बंद झालें. रात्रीं धर्मविधीविना पुरण्याची अट १८८२ सालीं गेली. लंडनमधील चॅड व्हारा या धर्मोपदेशकानें १९५३ सालीं, जीव नकोसा झालेल्यांचें बोलणें दूरध्वनीवर ऐकून घेणारी 'समॅरिटन्स' संस्था काढली. १९६१ सालीं तेथें आत्मघात हा गुन्हा राहिला नाहीं. कॅथलिक पंथानेंही १९८३ च्या धर्मसंहितेंतून अंत्यविधि नाकारणारें कलम वगळलें.

इंग्रजांनीं १८६० सालीं हिंदुस्थानच्या दंडसंहितेंत घातलेलें ३०९ वें कलम त्याच जुन्या विचाराचें अपत्य होतें. मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं तें रद्द ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं तें वैध मानलें. अखेर २०१७ च्या कायद्यानें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं आहे असें गृहीत धरून, त्याच्या शुश्रूषेचा भार सरकारवर टाकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. १४४१६ या क्रमांकावर सरकारी 'टेली-मानस' सेवेंत अशा वेळीं कोणाशीं तरी बोलतां येतें.

कायद्यानें शिक्षा काढून घेतली. सोबत देणें हें मात्र घरांचें आणि शेजाऱ्यांचें काम राहिलें आहे. ऑल्नीच्या त्या लहानशा घरानें तें अडीचशें वर्षांपूर्वीं करून दाखविलें.