वॉटसन हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन : एका वास्तूचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
शहराच्या इतिहासाची साधने केवळ दप्तरखान्यातच असतात असे नाही. वास्तू हेही इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय. मुंबईतील काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन हॉटेल, याचे ठळक उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेतला आहे.

उभारणी :
अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या व्यापारामुळे मुंबईत प्रचंड पैसा आला. याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि एस्प्लनेडवरील भूखंड बांधकामासाठी खुले झाले. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी तेथे इमारत उभारण्याचे ठरविले. अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केला. ओतीव लोखंडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणण्यात आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडण्यात आल्या. दगडी भिंतींवर भार टाकण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा ही रचना सर्वस्वी वेगळी होती.

वैभवाचा काळ :
हे हॉटेल प्रामुख्याने युरोपीय प्रवाशांसाठी होते. मार्क ट्वेन १८९६ मध्ये येथे उतरले होते. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वास्तूत झाला. त्यानंतर तीनच वर्षांत, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. परकीयांच्या करमणुकीसाठी आलेले तंत्र मराठी माणसाने किती त्वरेने आत्मसात केले, हे यावरून दिसते.

१९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारल्यामुळे जमशेटजी टाटांनी ‘ताज’ उभारले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. वांशिक भेदभाव हे त्या काळाचे वास्तव असल्यामुळेच ही कथा लोकमानसात रुजली, असे म्हणता येईल.

अवनती :
‘ताज’च्या स्पर्धेत वॉटसन मागे पडले. पुढे हॉटेल बंद झाले. खोल्यांचे विभाजन होऊन तेथे वकिलांची कार्यालये, दुकाने व बिऱ्हाडे आली. भाडे नियंत्रणामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले, हे खरे. परंतु तुटपुंज्या भाड्यात एवढ्या मोठ्या वास्तूची देखभाल होणे शक्य नव्हते. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २००६ च्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती, तर संवर्धनतज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले.

निष्कर्ष :
‘ताज’वर २००८ मध्ये दहशतवादी हल्ला झाला, तरीही त्याची जुनी इमारत २०१० मध्ये पुन्हा खुली झाली, कारण तिच्यामागे समर्थ मालक व चालू व्यवसाय होता. वॉटसनला यांपैकी काहीच उरले नव्हते. वारसा यादीतील नोंद वास्तूला प्रतिष्ठा देते, दुरुस्तीचा खर्च देत नाही. तो मालक, भाडेकरू व शासन यांपैकी कोणी किती उचलावा, हे ठरत नाही तोवर संवर्धन कागदावरच राहते, हाच या वास्तूच्या इतिहासाचा बोध होय.