जस्त आणि बाळाचा श्वास : अभ्यासात उतरणाऱ्यांसाठी प्रस्तावना

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या शेतकऱ्याला जस्त नवे नाही. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिकाला मिळण्याजोगे जस्त अनेकदा कमी पडते, म्हणून तिथे झिंक सल्फेट टाकले जाते. पुढे हाच धागा ताटापर्यंत येतो. ज्वारीच्या भाकरीत जस्त असते, पण धान्यातले फायटेट हे संयुग ते बांधून ठेवते आणि आतड्यात थोडेच शोषले जाते. दूध, अंडी, मांस ज्या घरी क्वचितच येते, तिथल्या बाळाला जस्ताची उणीव राहू शकते. संसर्गाशी झुंजणाऱ्या पेशींना तर ते हवेच असते. मग गंभीर न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाला अँटिबायोटिकच्या जोडीला जस्त दिले, तर ते लवकर बरे होईल का?

या प्रश्नाच्या अभ्यासात तुमचे मनापासून स्वागत आहे. तुम्ही वैद्यकाचे विद्यार्थी असा, परिचारिका असा, आशाताई असा किंवा आहाराचे अभ्यासक असा, इथे सर्वांना काम आहे.

महाराष्ट्रात मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याचा पाया गडचिरोलीत घातला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ मध्ये गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला व औषध द्यायला शिकवले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे श्वासमापक होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. वेळेवर ओळख आणि अँटिबायोटिक यांचे बळ इतके मोठे आहे. जस्ताचा विचार त्याला जोडूनच करायचा, त्याऐवजी नाही.

जस्ताबाबत मात्र उत्तरे एका सुरात येत नाहीत. २००४ मध्ये बांगलादेशातल्या मतलब या गावच्या रुग्णालयातल्या २७० मुलांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम जस्त मिळालेल्यांचा गंभीर न्यूमोनिया चार दिवसांत ओसरला, इतरांचा पाच दिवसांत. २००६ मध्ये दक्षिण भारतातल्या चाचणीत असा लाभ दिसला नाही. युगांडातल्या २०१२ च्या चाचणीत बरे होण्याचा काळ सारखाच राहिला, पण मृत्यू जस्त न मिळालेल्यांत ११.९ टक्के आणि मिळालेल्यांत ४ टक्के होते. हा फरक एचआयव्हीबाधित मुलांत अधिक ठळक होता. म्हणून गंभीर न्यूमोनियात सर्वच मुलांना जस्त द्यावे, असे आज पुराव्याच्या बळावर म्हणता येत नाही.

या विसंगतीने गोंधळून जाऊ नका. अभ्यासाचे खरे शिक्षण इथेच आहे. प्रत्येक चाचणीला चार प्रश्न विचारा : मुले मुळात जस्ताला पारखी होती का? आजार जिवाणूचा होता की विषाणूचा? मोजले काय, तापाचे दिवस की मृत्यू? आणि काही दिवसांत संपणाऱ्या आजारात जस्ताला काम करायला अवधी किती मिळाला? माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण आजारापूर्वीपासून नियमित दिलेल्या जस्ताने न्यूमोनियाचे प्रमाण कमी होत असल्याचे दिसले आहे. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात ही घट १३ टक्के होती. अतिसारासाठी तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून जस्ताची शिफारस करतातच. उणीव भरून काढणे आणि ऐन आजार हटवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पहिल्या कामाची वाट शेतातूनही जाते. लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये मराठवाड्यासाठी आला, तो याच विचारातून. दुसऱ्या कामात शिस्त कडक हवी : दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनिया समजून उपचार; छाती आत ओढली जात असेल, तर विलंब न करता दवाखाना. जस्ताचा कोणताही शोध या शिस्तीला सूट देत नाही. ती पाळत, कोणत्या मुलाला जस्ताचा खरा उपयोग होतो हे शोधणे आता तुमच्या पिढीकडे आहे.