खंड, भाडे आणि वतन

जमीन खंडाने कसणारे कूळ खंड देते, भाडेकरू भाडे देतो. दिले की तो मोकळा. महारवतनाचे तसे नव्हते. तिथे जमिनीच्या बदल्यात माणूसच द्यावा लागे: साऱ्या घराची रात्रंदिवस राबणूक, पिढ्यान् पिढ्या. ना मुदत, ना करार. हा खंड कधी फिटतच नव्हता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महारवतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या. सारा भरा, गावकीतून मोकळे व्हा! मुंबई इलाख्यासाठी डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले. वतने खालसा करणारा कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या पश्चात. त्या कायद्याने परत दिलेल्या जमिनींच्या विक्रीवर सरकारी परवानगीची अट आली. चाकरी गेली, शर्त राहिली. अशा मालकीला मालकी म्हणायचे का?