चेंबरखालचं काळं ऑइल

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेची मागणी आठवडाभर वाटली जावी म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार मिळाले आणि इथल्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरलेला माणूस बघायचा असेल, तर इथे गुरुवारी सकाळी फिरावं.

ऑइल घरी बदलणं फार अवघड नाही. इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली स्टँड लावायचे. चेंबरचा नट सोडून काळी धार टबात पडू द्यायची. नव्या फिल्टरच्या रबर रिंगला बोटाने थोडं ताजं ऑइल लावायचं, नट नव्या वॉशरसकट आवळायचा, वरून मोजून ऑइल ओतायचं आणि गेज बघायचं. तासाभराचं काम. पण ते संपल्यावर टबात तीन-चार लिटर काळं ऑइल उरतं. आपल्या पट्ट्यात किती गाड्या बनल्या हे सगळेच सांगतात. त्या गाड्यांचं ऑइल कुठे गेलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीची काही दशकं उत्तर सोपं होतं : हवेत. १९६०च्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, त्या इटलीच्या पिआज्जिओशी झालेल्या करारातून. तो करार संपल्यावर १९७२मध्ये ‘चेतक’ आली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. ती टू-स्ट्रोक होती. म्हणजे इंजिनाचं ऑइल वेगळं भरायचंच नाही. पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे साधारण वीस मिलिलिटर. ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन निघायचं. गिअरबॉक्सचं थोडंसं ऑइल बदलावं लागे, तेवढंच. घरी टब भरायचा प्रश्न स्कूटरवाल्या पिढीला फारसा पडलाच नाही.

मग फोर-स्ट्रोक आली. १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. २००१मध्ये बजाजची पल्सर आली, ती चाकणहून. दरम्यान १९९८च्या अखेरीस पिंपरीत बनलेली इंडिका आली आणि कार कधी घेऊ असं न वाटलेल्या घरांच्या दारात डिझेल कार उभी राहिली. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल जळून जात नाही, तर फिरत राहतं. काजळी, झिजलेल्या धातूचे कण, इंधनाचे अवशेष गोळा करत काळं होतं. फेब्रुवारी २०००पर्यंत तर देशात शिसंयुक्त पेट्रोल मिळत होतं, त्यामुळे पेट्रोल गाड्यांच्या काळ्या ऑइलात शिसंही असायचं. हवेतला प्रश्न आता कॅनमध्ये येऊन बसला.

कॅनमधून तो पसरला जमिनीवर. वंगण हा शब्द आपल्याकडे इंजिनाच्या आधीपासून आहे, बैलगाडीच्या आसाबरोबरचा. आणि तेलकट काही फेकायचं नाही ही सवयही तितकीच जुनी. (एरंडेल तर थेट इंजिनापर्यंत पोचलं. १९०९मध्ये इंग्लंडच्या वेकफिल्डने नव्या ऑइलात ते मिसळलं आणि कॅस्टरवरून ‘कॅस्ट्रॉल’ असं नाव ठेवलं.) काळं ऑइल लोकांनी दाराच्या चौकटींना लावलं, वाळवी लागू नये म्हणून. कुंपणाच्या लाकडी खांबांना लावलं. आणि सेंट्रिंगच्या पाट्यांना, काँक्रीट चिकटू नये म्हणून. वाकड, रावेत, मोशी ही गावं ज्या वर्षांत इमारतींनी भरली, त्याच वर्षांत रस्त्यावरच्या गाड्याही वाढत होत्या. इंजिनातून निघालेलं ऑइल स्लॅबखाली कामाला लागायचं, आणि पाऊस आला की पाट्यांवरून निथळत गटारात, नाल्यात, तिथून पवना नाहीतर इंद्रायणीत. यात बेफिकिरी होती, पण काटकसरही होती, हे मान्य करायला हवं.

खरं तर ऑइल संपत नाही, घाण होतं. शुद्ध करून त्याचं पुन्हा बेस ऑइल करता येतं. घातक कचऱ्याचे नियम देशात १९८९पासून आहेत आणि वापरलेलं ऑइल त्यात येतं. १ एप्रिल २०२४पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. हे सगळे नियम ड्रमच्या भाषेत बोलतात. कारखाना, सर्व्हिस सेंटर, परवानाधारक प्रक्रिया केंद्र. पार्किंगमधला चार लिटरचा कॅन त्यात कुठेच बसत नाही.

तसे ते कॅनवालेही कमी होत चालले आहेत. वॉरंटी जाईल या भीतीने नवी गाडी कुणी उघडत नाही. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारं ठरावीक ऑइलच लागतं, नाहीतर धुराचा फिल्टर तुंबतो. आणि २०१९मध्ये ‘चेतक’ हे नाव परत आलं ते विजेच्या स्कूटरवर. तिला इंजिन ऑइल लागतच नाही.

माझी गाडी जुनी आहे, त्यामुळे माझा कॅन अजून भरतो. तो मी कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या ड्रममध्ये ओततो. ड्रम कोण नेतं, असं तिथल्या काकांना विचारलं. “टेम्पोवाला येतो महिन्याला. रोख देतो.” पावती? “जळक्या ऑइलची कसली पावती, दादा?”