बंदुकीचा परवाना : बाबासाहेब काय म्हणाले, कायदा काय म्हणतो

कुठे अत्याचाराची घटना घडली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास फिरते, 'आता घरात बंदूक हवीच.' दुसरा लगेच लिहितो, 'आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्याला हत्यार कशाला?' आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. हत्यार कोणी बाळगायचे हा या देशात आधीपासूनच जातीचा प्रश्न आहे.

मनुस्मृती धर्मावर संकट आले तर द्विजांना शस्त्र उचलण्याची मुभा देते. शूद्र त्यात नाही. इथल्या पिचलेल्या माणसाने बंड का केले नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दिले. चातुर्वर्ण्याने त्याच्या हातातून शस्त्र काढून घेतले आणि शिक्षणही. शस्त्र नाही म्हणून लढता येईना, शिक्षण नाही म्हणून सुटकेचा मार्ग सुचेना.

१८१८ साली कोरेगावला लढलेल्या महारांनाही इंग्रजांनी १८९० च्या दशकात 'लढाऊ जात नाही' म्हणून लष्करभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. आपल्या पूर्वजांनी मागितलेली बंदूक ही अशी होती. तिच्यामागे पगार, पेन्शन, मुलांची शाळा आणि माणूस म्हणून पत होती. तिकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली.

म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्यासाठी संविधान सभेत दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. शस्त्रबंदीचे चटके सोसलेल्या समाजाचा नेता हे म्हणतो, याचा अर्थ नीट समजून घ्या. बाजार खुला झाला तर बंदुका कोणाच्या घरात जातील? ज्याच्याकडे जमीन आणि पैसा आहे त्याच्याच.

पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धत कायम ठेवली, पण कलम १४(२) मध्ये स्पष्ट लिहिले की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. भूमिहीन कार्यकर्त्याने हे कलम तोंडपाठ ठेवावे. त्याहून महत्त्वाचा आहे ॲट्रॉसिटी नियम, १९९५ मधला नियम ३. अत्याचारप्रवण भागात गरजेनुसार बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे, बेकायदा बंदुका जप्त करणे आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना संरक्षणासाठी परवाने देणे, ही कामे हा नियम राज्य सरकारवर टाकतो.

परवान्यासाठी अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे करायचा. वय २१ पूर्ण हवे. पोलीस चौकशीचा अहवाल जातो. धमक्या, आधीचे गुन्हे, तक्रारींच्या पोचपावत्या अर्जाला जोडा. नकार आला तर लेखी कारणे मागा आणि कलम १८ खाली अपील करा. परवाना मिळाल्यावर त्यावर नोंदलेल्या प्रकारचेच हत्यार, तेही परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचे. स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बारा बोअर बंदूक कायद्यालाच अभिप्रेत आहे. ती कुलुपात ठेवणे आणि चालवण्याचे प्रशिक्षण घेणे ही तुमची जबाबदारी. बेकायदा कट्टा घेणारा पोरगा मात्र स्वतःच्या हाताने आपली केस विरोधकाला देतो.

पण नियम ३ मधला क्रम पाहा. आधी अत्याचारी हातातले शस्त्र काढा, मग गरज पडली तर पीडिताला द्या. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधल्या लक्ष्मणपूर-बाथे इथे रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. शंभर बंदूकधारी चालून आल्यावर झोपडीतली एक बंदूक किती वेळ टिकणार? आणि घरात ठेवलेली बंदूक रोज त्याच घरातल्या भांडणाच्या, दारूच्या, लेकरांच्या हाताशी असते.

म्हणून आमचे म्हणणे असे : ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याने परवान्याचा अर्ज जरूर करावा, त्यात बुद्धविचाराशी द्रोह नाही. पण संघटनेची पहिली मागणी शस्त्रे जमा करण्याची असावी. आपल्या तालुक्यातली अत्याचारप्रवण गावे कोणती, तिथे कोणाकडे किती परवाने आहेत आणि नियम ३ खाली काय कारवाई झाली, हे प्रत्येक शाखेने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे. शस्त्र कोणाच्या हाती राहील हे आजवर जात ठरवत आली. आता ते कायद्याने ठरवावे, आणि कायदा राबवून घेणे आपल्या हातात आहे.

जय भीम!