पुलाच्या पायातलं दुखणं

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, खोल पाण्यात गेलेले पाणबुडे वर येताना मध्ये थांबत थांबत का येतात? उत्तर शोधताना मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलापाशी पोचले.

त्याचं काम १८७० साली सुरू झालं. नदीच्या तळात पाया खणायचा, तर पाणी अडवायचं कसं? वाड्याहून मोठी, तळ नसलेली लाकडी पेटी पालथी घालून नदीत बुडवली आणि पाणी बाहेर राहावं म्हणून तिच्यात दाबाची हवा भरली. पालथा पेला सरळ पाण्यात दाबून बघा, कळेल. मजूर त्या पेटीत उतरून खणायचे.

आत असताना सहसा काही व्हायचं नाही. दुखणं सुरू व्हायचं ते वर आल्यावर. सांधे ठणकायचे, पोटात कळा यायच्या, कुणाचे पाय लुळे पडायचे. काहीजण दगावले. मजुरांनी संपही केला. तिथले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी ११० जणांवर उपचार केले. बाहेर पडायची घाई जितकी जास्त तितका धोका जास्त, हे त्यांना उमगलं होतं. पण पाळी संपलेल्या माणसाला घरी जायची घाई असणारच ना!

मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगनं न्यूयॉर्कच्या बाजूचं खोदकाम खडक लागायच्या आधीच, ७८ फुटांवर थांबवलं. आणखी माणसं जातील ही भीती होती. त्याच वर्षी, १८७२ मध्ये, याच आजारानं तो स्वतः अंथरुणाला खिळला.

मग त्याची बायको एमिली पुढं झाली. काहीजण तिला नुसती निरोप पोचवणारी म्हणतात. मला नाही पटत. तिनं गणित शिकून घेतलं, पोलादी दोरांचा अभ्यास केला, इंजिनिअरांच्या शंकांना उत्तरं दिली. असं दहा वर्षांहून जास्त चाललं. १८८३ साली पूल खुला झाला.

आजाराचं कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडलं. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. दाब एकदम उतरला की सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. सावकाश वर आलं तर तो वायू श्वासावाटे निघून जातो.

पण सावकाश म्हणजे किती? ते ब्रिटनच्या जॉन हॉल्डेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं. त्यांनी प्रयोग केले ते शेळ्यांवर. आपल्यातल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांना हे ऐकून वाईट वाटेल. शेळी कुठं दुखतंय ते सांगत नाही, पण दुखणारा पुढचा पाय उचलून धरते. त्यावरून त्यांनी किती खोलीवर किती मिनिटं थांबायचं याचे तक्ते बनवले. नौदलाच्या पाणबुड्यांसाठी केलेलं हे काम १९०८ साली छापून आलं.

तोवर एमिलीला जाऊन पाच वर्षं झाली होती. वॉशिंग्टन मात्र हयात होता.