शरदातले पाहुणे आणि आपला बगिचा

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. बांधकामाची, पाण्याची, मेन्टेनन्सची कागदपत्रे ऑफिसात फाइलबंद आहेत. बगिच्यात कोण येऊन गेले, याची मात्र एका ओळीचीही नोंद नाही.

खरे तर आपल्या भागात पक्ष्यांची नोंद ठेवणे जुने आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तिथले क्युरेटर ई. ए. डिअब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी केली. ती १९३५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्या काळी पक्षी ओळखायचा तर बहुधा आधी बंदुकीने टिपायचा, मग पेंढा भरून कपाटात ठेवायचा! पुढे १९४१ मध्ये सलीम अलींचे सचित्र पुस्तक आले आणि साध्या माणसालाही चित्र पाहून जिवंत पक्षी ओळखता येऊ लागला.

पुस्तक इंग्रजीत होते. मराठी नावांचे मोठे काम केले मारुती चितमपल्लींनी. वनखात्यात असताना नवेगावबांध, नागझिरा भागात राहून त्यांनी तिथल्या आदिवासींकडून पक्ष्यांची नावे ऐकली, टिपली, आणि पुढे ‘पक्षीकोश’ लिहिला. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर १८९६ चा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ ठरवला. तारखा वाढदिवसांच्या, पण मुहूर्त अगदी नेमका. पाऊस सरलेला असतो, हवेत गारवा येतो आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरलेले असतात.

हे पाहुणे पाहायला अंबाझरीलाच जावे लागते असे नाही. कंपाउंडच्या भिंतीवर तांबूस शेपटी सारखी थरथरवत बसतो तो थिरथिरा, हिमालय-तिबेटाकडून आलेला. टाकीखालच्या ओलीत शेपटी वरखाली करत तुरुतुरु चालतो तो धोबी.

त्याच ओल्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय येत्या सभेपुढे आहे. चिखल होतो, ही तक्रार खरीच आहे. पण धोब्याचे पोट त्या ओलीतल्या किड्यांवर आहे. रस्त्याकडच्या बाजूला ब्लॉक बसवा, नळाजवळची चार-पाच फूट माती तेवढी राहू द्या.

वॉचमनच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली आहे. पक्षी, तारीख, वेळ लिहावी. लहान मुलांनीही लिहावे. नाव ठाऊक नसेल तर नुसता शेपटीचा रंग लिहिला तरी चालेल.